‘अजून किती?’ – ख्रिस्ताचं प्रायश्चित्त पुरेसं आहे म्हणजे नक्की काय

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्याचा बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षं झालीत. बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या हातून एक मोठं पाप घडलं (काय ते त्यांनी लिहिलं नाही, मीही विचारणार नाही). तेव्हापासून रोज रात्री ते तेच पाप कबूल करतात, चाळीस दिवसांचा उपास पण करून झाला, तरी मन काही हलकं होत नाही. त्यात एका मित्राने त्यांना इब्री १०:२६ (नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचं वचन) पाठवलं, की सत्य कळल्यावर मुद्दाम पाप केलं तर त्यासाठी आता बलिदानच उरत नाही. तर आता ते विचारतात, ख्रिस्ताचं प्रायश्चित्त सगळ्यांना पुरेसं आहे असं आपण म्हणतो, मग ते मलाच का पुरत नाहीये?

मी सत्तावीस वर्षं पाळक आहे आणि हा प्रश्न मी कबुलीच्या वेळी, अंत्यविधीनंतर, हॉस्पिटलच्या खाटेशी बसून, रात्री दोनला आलेल्या फोनवर, इतक्यांदा ऐकलाय की लोक वाक्य सुरू करतात तेव्हाच मला शेवट कळतो. तरी उत्तर एका ओळीत देता येत नाही. जे एका ओळीत देतात ना, ‘फक्त विश्वास ठेवा’ वगैरे, त्यांच्याकडे तो माणूस परत जात नाही असं मी पाहिलंय.

पहिला घोळ शब्दाचा आहे. मराठीत प्रायश्चित्त म्हटलं की आपण काय समजतो? ‘केलंस ना, आता घे प्रायश्चित्त.’ म्हणजे चुकलं कोण आणि प्रायश्चित्त घेणार कोण, तर तोच. हा शब्दाचा स्वभावच आहे, ज्याने केलं त्याने फेडायचं. बायबलच्या मराठी भाषांतरात हाच शब्द घेतला, दुसरा चांगला शब्द नव्हताही, पण वाक्यातला कर्ता पूर्ण बदलला. १ योहान २:२ काढून बघा, तिथे ख्रिस्त प्रायश्चित्त ‘घेतो’ असं नाही, ‘करतो’ असं पण नाही, तो स्वतःच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त ‘आहे’ असं म्हटलंय. कर्ता बदलला पण आपले कान जुनेच राहिले. म्हणून रविवारी आपण गातो की त्याने केलं, आणि सोमवारी सकाळी उठून आपण परत स्वतःचं सुरू करतो. (खंडणी या शब्दाची तर आणखीच गंमत. मत्तय २०:२८ मध्ये येशू आपला जीव खंडणी म्हणून अर्पण करायला आला असं आहे, आणि तरुण मुलांना वाचायला दिलं की ती दचकतात, कारण त्यांना पेपरातली खंडणी आठवते, कोणीतरी धमकावून उकळलेली. इथे अर्थ आहे गुलामाला सोडवायला भरलेली किंमत.)

मूळ हिब्रूत कफर हे क्रियापद आहे. त्याचा मुळातला अर्थ झाकणं की पुसून टाकणं यावर अभ्यासकांत वाद आहे, आपल्याला त्यात पडायचं नाही. पण त्याच धातूवरून कराराच्या कोशावरच्या, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरच्या, झाकणाचं नाव आलंय, मराठी बायबलमध्ये त्याला दयासन म्हणतात. शुद्ध सोन्याचं, अडीच हात लांब आणि दीड हात रुंद, निर्गम २५ मध्ये माप दिलंय. प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे वर्षातून एकदाच, प्रमुख याजक निवासमंडपाच्या (इस्राएल लोकांच्या तंबूतल्या मंदिराच्या) सगळ्यात आतल्या भागात, परमपवित्रस्थानात, जायचा आणि त्या झाकणावर आणि झाकणासमोर रक्त शिंपडायचा. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्ह्याचं, मग लोकांसाठी बकऱ्याचं. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांचे अपराध कबूल करायचा आणि तो बकरा रानात सोडून द्यायचे, लेवीय १६. आता रोमकरांस ३:२५ मध्ये पौल ख्रिस्तासाठी जो ग्रीक शब्द वापरतो, हिलास्टेरिऑन, तोच शब्द इब्री ९:५ मध्ये या झाकणासाठी आलाय. म्हणजे जिथे रक्त शिंपडायचं ती जागा तो, रक्तही त्याचंच आणि याजकही तोच.

इथे मी बायबल क्लासमध्ये नेहमी एक काम देतो. निवासमंडपातल्या सामानाची यादी करा म्हणतो. लोक उत्साहाने लिहितात, कोश, भाकरीचा मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, बाहेर पितळी वेदी आणि गंगाळ. मग विचारतो, याजकाला बसायला काय आहे? सगळे पानं उलटतात. काहीच नाही. आसन म्हणायला एकच, दयासन, आणि ते पेटीचं झाकण, त्यावर बसायची कोणाची छाती नाही. याजक उभाच, कारण काम संपतच नाही. आज दिलेलं बलिदान उद्या परत, यंदाचा प्रायश्चित्ताचा दिवस झाला की पुढच्या वर्षी परत. इब्री १०:११ मध्ये लेखकाने नेमकं हेच पकडलंय, प्रत्येक याजक रोज सेवा करत आणि तेच ते यज्ञ पुन्हा पुन्हा करत उभा असतो, आणि लगेच पुढच्या वचनात, पण हा पापांबद्दल एकच यज्ञ करून बसला. बसला! सगळ्या पत्राचा जीव त्या एका क्रियापदात आहे असं माझं मत आहे. पुरेसं म्हणजे काय, तर याजक बसलाय.

आणि त्याच अध्यायात तिसऱ्या वचनात आणखी एक टोचणारी गोष्ट आहे. ते वर्षातून वर्षाला होणारे यज्ञ पाप काढू शकत नव्हते, मग करत काय होते? तर पापांची आठवण देत होते. तुमचा चाळीस दिवसांचा उपास आठवा. मी उपासाच्या विरोधात नाही, मी स्वतः करतो. पण तुम्ही तो फेडण्यासाठी केलात, आणि फेडण्यासाठी केलेला उपास चाळीस दिवस रोज सकाळी एकच काम करतो, आज मी का उपाशी आहे याची आठवण देतो. मन हलकं होणार कुठून?

‘पूर्ण झाले आहे’ या उद्गाराबद्दल थोडं, कारण त्यावर बरेच फुगवलेले उपदेश ऐकायला मिळतात. योहान १९:३०, ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, टेटेलेस्टाय. उपदेशात हमखास सांगतात की त्या काळी कर्जाच्या पावतीवर हाच शब्द लिहायचे, ‘पूर्ण भरले’. मी पण सांगायचो अनेक वर्षं. मग कळलं की ज्या पपायरसच्या पावत्यांवरून हे म्हणतात त्यांवर संक्षेप आहे, आणि तो जकात भरल्याच्या वेगळ्याच क्रियापदाचा असल्याचं आता मानतात. तेव्हापासून बंद केलं. आणि गरज पण नाही त्याची, कारण व्याकरणच पुरेसं बोलतं. तो काळ असा आहे की क्रिया मागे पूर्ण झाली आणि तिचा परिणाम आत्ता टिकून आहे. ‘संपलं’ असं हताशपणे म्हणणं वेगळं आणि काम पुरं करून हात झटकून ‘झालं’ म्हणणं वेगळं, हे दुसऱ्या प्रकारचं आहे. कर्जाचीच प्रतिमा हवी असेल तर कलस्सैकरांस २:१४ आहे की, आपल्याविरुद्धचा ऋणलेख खोडून वधस्तंभाला खिळून टाकला. खरी वस्तू हाताशी असताना कच्ची कशाला वापरायची.

आता मुख्य मुद्दा, पुरेसं कशामुळे? बहुतेकांच्या मनात असतं की त्याने इतक्या भयंकर वेदना सोसल्या की सगळ्यांच्या पापांची बेरीज भरून निघाली. जणू काही एका पारड्यात जगाचं पाप आणि दुसऱ्यात वेदना. पण हे हिशोबाला टिकत नाही हो. वधस्तंभावर मरणारा येशू एकटा नव्हता, त्याच्या शेजारीच दोघं होते. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर रोमनांनी कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने सहा हजार माणसं वधस्तंभावर चढवली असं इतिहासकार अपियन लिहितो. कित्येकांना मरायला दिवस लागायचे. येशू मार्कच्या हिशोबाने तिसऱ्या तासाला चढवला आणि नवव्या तासाला गेला, म्हणजे साधारण सहा तास, आणि तो इतक्या लवकर मेला याचं पिलातालाच आश्चर्य वाटलं, मार्क १५:४४. वेदनेचं मोजमाप लावलं तर त्याच्याहून जास्त भोगलेले लोक इतिहासात सापडतील. मी वेदना कमी लेखत नाहीये, फक्त माप चुकीचं आहे म्हणतोय. आणि हे चुकीचं माप एकदा मनात बसलं की माणूस साहजिकच विचार करतो, त्याच्या वेदनेत माझी थोडी घातली तर बिघडलं कुठे.

इब्रीचा लेखक वजन ठेवतो ते दोन गोष्टींवर, कोण आहे आणि कशाने केलं. कोण, तर पुत्र, पहिल्या अध्यायापासून तेच चाललंय. कशाने, तर आज्ञापालनाने, दहाव्या अध्यायात स्तोत्र ४० मधले शब्द घेऊन तो सांगतो की यज्ञ आणि अन्नार्पण तुला नको होतं, तुझी इच्छा पूर्ण करायला मी आलो आहे, आणि त्या इच्छेने आपण पवित्र केले गेलो, एकदाच. बैल आणि बकरे काही स्वतःच्या इच्छेने येत नव्हते, ओढून आणावे लागायचे. इथे देणारा आणि दिलेलं एकच आहे, आणि ते मनापासून आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस, १०९८ च्या सुमारास, कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने हेच तर्काने मांडलं, देणं माणसाचं आहे म्हणून माणसानेच द्यायला हवं, पण ते एवढं मोठं आहे की देवाशिवाय कोणी देऊ शकत नाही, म्हणून देणारा देव आणि माणूस दोन्ही हवा. त्याचा सगळा ढाचा मला पटतो असं नाही, सरंजामी मानापमानाची छाया त्याच्यावर आहेच, पण एक गोष्ट त्याने पक्की केली, किंमत देणाऱ्याच्या योग्यतेवरून ठरते.

तेवढ्यातच एक गैरसमज काढून टाकतो. पिता रागाने लाल झालेला आणि पुत्र मध्ये पडून मार खातोय असं चित्र डोक्यात असेल तर ते फेकून द्या. २ करिंथ ५:१९ म्हणतं देव ख्रिस्तामध्ये होऊन जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याचं येणं होतं त्यानेच भरलं.

आता एक माणूस सांगतो. मी नवा नवा पाळक होतो तेव्हा एक निवृत्त हिशोबनीस माझ्याकडे आले. खिशातून छोटी वही काढली, कडा मऊ झालेली, आत प्रत्येक पानावर उभ्या चार रेघा आणि पाचवी आडवी, तुरुंगाच्या भिंतीवर दाखवतात तशा. प्रत्येक रेघ म्हणजे एक उपास. एकोणीस वर्षांच्या रेघा. आईवडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा त्यांनी बहिणीची सही कागद नीट न सांगता घेतली होती, तिचा हिस्सा बुडाला होता. मी तेव्हा तरुण आणि फार हुशार. मी त्यांना आणखी सात शुक्रवार उपास आणि स्तोत्र ५१ रोज वाचायला सांगितलं. त्यांनी केलं, तंतोतंत केलं, हिशोबनीसच ते. आठव्या आठवड्यात आले, वही उघडून सात नव्या रेघा दाखवल्या आणि म्हणाले, पाळक साहेब, अजून किती?

माझ्याकडे आकडा नव्हता. कसला असणार? त्या रात्री मी इब्री नववा दहावा पहिल्यांदा उपदेश तयार करण्यासाठी न वाचता स्वतःसाठी वाचला. आणि लक्षात आलं की या माणसाने एकोणीस वर्षं देवाला भरलंय, ज्याने मागितलंच नव्हतं, आणि बहिणीला एकदाही फोन केलेला नाही, जिचं खरोखर देणं होतं.

हे दोन हिशोब वेगळे आहेत आणि हे मी नवीन काही शोधून सांगत नाही, नियमशास्त्रातच आहे. लेवीय ६ मध्ये कोणी शेजाऱ्याला फसवलं, ठेव बुडवली, तर काय करायचं ते दिलंय, मुद्दल परत, वर पाचवा हिस्सा, आणि ते मालकाच्या हातात द्यायचं, ज्या दिवशी दोषार्पण आणायचं त्याच दिवशी. मेंढा देवासमोर, माल मालकाला. मेंढ्याने मालकाचं देणं फिटत नाही आणि मालकाला दिलेल्या पाचव्या हिश्शाने देवासमोरचं पाप निघत नाही. ख्रिस्ताने त्या मेंढ्याची जागा घेतली, कायमची, तिथे आता आपल्याला काहीच आणायचं नाही. मालकाची जागा मात्र तशीच आहे. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयचं बघा, लूक १९. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, फुकट, काही अट नाही, गाव कुरकुरतं. आणि मग तो उभा राहून म्हणतो, अर्धं गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट. क्रम बघा हो. चौपट देऊन त्याने येशूला घरी बोलावलं नाही.

उलट मला तर असं दिसतं की जो देवाला फेडत बसतो त्याच्याकडे माणसाला द्यायला उरतच नाही काही. उपाशी राहणं सोपं असतं, बहिणीच्या दारात उभं राहणं अवघड. हिशोबनिसांनी फोन केला तेव्हा बहिणीने आवाज ओळखून कट केला. दुसऱ्यांदाही केला. शेवटी त्यांनी कागद करून तिचा हिस्सा तिच्या नावावर केला आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. तिने तो घेतला. घरी मात्र ती आली नाही, त्यांच्या अंत्यविधीलाच आली. वही त्यांनी आधीच बंद केली होती, शेवटच्या पानावर माझ्या सात रेघा तशाच होत्या.

आता तुमच्या मित्राचं वचन. इब्री १०:२६ ने मी किती लोकांची झोप उडालेली पाहिलीये विचारू नका. पहिली गोष्ट, मूळ ग्रीकमध्ये ते ‘पाप करत राहिलो तर’ असं आहे, चालू क्रिया, एकदा पडलो असं नाही. दुसरी, कोणतं पाप ते तीनच वचनांनंतर सांगितलंय, देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवणं, ज्या रक्ताने पवित्र झालो ते अपवित्र मानणं. हे पत्र ज्यांना लिहिलं ते छळाला कंटाळून ख्रिस्ताला सोडून मागे फिरायच्या बेतात होते, विषय तो आहे. ज्याला रोज रात्री रडू येतं तो पुत्राला पायाखाली तुडवत नसतो. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. ‘बलिदान उरत नाही’ हे वाक्य आठच वचनं आधी जवळपास तसंच येऊन गेलंय, १०:१८ मध्ये, जिथे पापांची क्षमा झाली तिथे पापाबद्दल अर्पण राहिलं नाही. तिथे ती सुवार्ता आहे. आता दुसरं अर्पण नाही, कारण लागतच नाही. २६ मध्ये तीच गोष्ट इशारा बनते. दुसरं नाहीच, तर हे लाथाडून जाशील कुठे? म्हणजे ते वचन प्रायश्चित्त अपुरं आहे असं म्हणत नाही, ते एकमेव आहे असं म्हणतं. मित्राने आठ वचनं आधीपासून पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

ही भीती नवीन नाही म्हणा. बाप्तिस्म्यानंतरच्या पापाचं काय या प्रश्नाने पहिल्या काही शतकांतली मंडळी हैराण होती. इ. स. २५० च्या रोमन सम्राट डेसियसच्या छळात जे घाबरून मूर्तीला धूप दाखवून आले त्यांना परत घ्यायचं का यावर रोममध्ये फूट पडली, तिथला एक याजक नोवेशियन म्हणाला मंडळीने घ्यायचं नाही, आणि त्याचा वेगळा गट कित्येक वर्षं चालला. पुष्कळ लोक बाप्तिस्माच लांबवायचे, नंतर पाप झालं तर काय म्हणून. सम्राट कॉन्स्टंटाईनने तर ३३७ मध्ये मरणाच्या दारात घेतला. प्रायश्चित्त म्हणजे एकदाच वापरायचं कूपन आहे, जपून ठेवा, असा तो विचार. पण पेत्राचं काय करणार मग? प्रभूबरोबर तीन वर्षं राहून, तोंडावर, शपथा घेऊन नाकारलं. योहान २१ मध्ये येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तीनदा काम देतो. उपास सांगत नाही.

बाकी पुरेसेपणावरून पंथांमध्ये जे वाद झाले ते लोकांना वाटतात तसे नाहीत. ‘कॅथलिक म्हणतात पुरेसं नाही, प्रोटेस्टंट म्हणतात पुरेसं’ असं मी पण सेमिनरीत शिकलो, चूक आहे ते. पोप सहावा क्लेमेंट याने १३४३ मध्ये लिहिलं की ख्रिस्ताच्या रक्ताचा एक थेंबही सगळ्या मानवजातीला पुरला असता. मग उरलेल्या एवढ्या रक्ताचं काय, तर तो मंडळीकडे खजिना आहे आणि तो वाटायचा अधिकार तिच्याकडे. म्हणजे पुरून उरलं यावर दंडमाफीचं, म्हणजे पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांचं, दुकान उभं राहिलं, आणि १५१७ ला जर्मन भिक्षू लूथर भडकला तो त्या वाटपावर. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, हा यज्ञ आहे असं ठामपणे म्हटलं, पण वधस्तंभावरचाच तो बळी, अर्पण करायची रीत वेगळी, असंही म्हटलं. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं तर दुसरा यज्ञ ते मानत नाहीत. मी प्रोटेस्टंट आहे आणि ‘एकदाच’ या शब्दाला ती भाषा धक्का लावते असं मला अजूनही वाटतं, पण वाद तिथे आहे, पुरेसं की अपुरं यावर नाही. आणि प्रोटेस्टंटांत पण काय कमी भांडणं, ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला की फक्त देवाने निवडलेल्यांसाठी, यावर १६१८-१९ मध्ये हॉलंडमध्ये डॉर्टला मोठी सभा भरली. गंमत म्हणजे ज्या डॉर्टला लोक सगळ्यात कडक समजतात त्यांनीच लिहून ठेवलंय की त्याच्या मरणाची किंमत अमर्याद आहे आणि ती अख्ख्या जगाच्या पापांना भरपूर पुरेल. बाराव्या शतकातल्या पीटर लोंबार्ड या धर्मपंडिताचा फॉर्म्युला तोच, पुरेसं सगळ्यांना, लागू निवडलेल्यांना. तुमच्या प्रश्नासाठी या वादाचा निकाल लागायची वाट बघायला नको, कारण दोन्ही बाजूंनी तुमच्या पापाला ते कमी पडतं असं कोणीच म्हणत नाही.

‘पण पौलच म्हणतो ना ख्रिस्ताच्या क्लेशांत काही उणं राहिलंय’, हे पण कोणीतरी तुम्हाला पाठवेलच, कलस्सैकरांस १:२४, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तिथला क्लेश हा शब्द, थ्लिप्सिस, नव्या करारात ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताच्या मरणासाठी कुठेच वापरलेला नाही. तो छळाचा, हालअपेष्टांचा शब्द आहे. पौल तुरुंगात बसून मंडळीसाठी जे भोगतोय त्याबद्दल बोलतोय. आणि त्याच पत्रात पुढच्याच अध्यायात तो ऋणलेख खिळून टाकल्याचं लिहितो.

मग रोज कबुली कशाला, हा तुमचा उपप्रश्न. चांगला आहे. १ योहान १:९ मध्ये देव विश्वसनीय आणि न्यायी आहे म्हणून क्षमा करतो असं आहे. दयाळू म्हणून, असं तिथे नाही. मी आधी हे वाचताना नुसतं पुढे जायचो. न्यायी माणूस क्षमा कशी करेल, न्यायी तर शिक्षा करेल! पण एकदा भरलेलं देणं दुसऱ्यांदा मागणं हाच अन्याय नाही का. म्हणजे न्याय आता तुमच्या बाजूने उभा आहे. कबुली ही भरणा नाही, ती लपणं सोडणं आहे. घरात काहीतरी फोडून पलंगाखाली बसलेलं पोर बाहेर येतं तेव्हा ते काही भरत नसतं, बाहेर येतं एवढंच. पण रोज रात्री परत पलंगाखाली जाऊन परत बाहेर यायचं आणि प्रत्येक वेळी विचारायचं, आता रागावली नाहीस ना, हे आईलाही ऐकवत नाही हो.

यावर एक गंभीर गोष्ट. तेच पाप पुन्हा पुन्हा, ठरलेल्या शब्दांत, एक शब्द चुकला तर पहिल्यापासून, झोप गेलेली, कामात लक्ष नाही, असं होत असेल तर फक्त माझ्यासारख्या पाळकाकडे येऊ नका, मानसोपचार तज्ज्ञालाही भेटा. हा प्रकार जुना आहे, लूथर मठात असताना तासन् तास कबुली देत बसायचा आणि त्याचा वरिष्ठ स्टाउपिट्झ अक्षरशः वैतागायचा. सगळीच अपराधी भावना विवेकाची नसते, काही आजाराची असते, आणि गोळी घेतल्याने वधस्तंभाचा अपमान होत नाही. मी माझ्या मंडळीतल्या दोघांना असं पाठवलंय, दोघांनाही फरक पडला. त्यातल्या एकाने मला नंतर सांगितलं, पाळक साहेब, तुमचं इब्री दहा मला आता कुठे ऐकू आलं.

आणि ज्यांना हे सगळं ऐकून वाटेल की मग काय मजाच, काहीही करा, भरलेलंच आहे, त्यांच्यासाठी रोमकरांस ६ आहे, पौलाला हा प्रश्न त्या काळीच विचारला होता आणि त्याने दोन शब्दांत झटकून टाकला. चाळीस दिवस उपास करणाऱ्या माणसाला मी ते वाचून दाखवणार नाही. औषध चुकीच्या रोग्याला द्यायचं नसतं.

तुमच्यापुरतं सांगतो. रात्रीची ती प्रार्थना आजपासून थांबवा. थांबवा म्हणजे त्या पापाबद्दलची थांबवा, बाकी प्रार्थना करा. आठवण आली तर नवी कबुली सुरू न करता इब्री १०:१८ मोठ्याने वाचा, एकदाच वाचा, दहादा वाचून त्याचाही उपास करू नका. प्रभुभोजनाला तुम्ही बसत नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय, बसा. ते काही तुमच्या योग्यतेचं बक्षीस नाहीये. आणि तुम्ही जे लिहिलं नाही त्यात एक गोष्ट मला कळायला हवी होती. त्या पापात कोणा माणसाचं काही गेलंय का, पैसा, नाव, विश्वास, काहीही? गेलं असेल तर तो माणूस कुठे आहे, त्याच्याशी बोलण्यासारखं आहे का, की तुम्ही समोर गेल्याने त्याला आणखी त्रास होईल, कारण तसंही असतं कधी कधी आणि मग वेगळा रस्ता शोधावा लागतो. नाव गाव काही नको, एवढंच कळवा, मग पुढचं बोलू.